‘वायुमिश्रक’: एका शब्दाची उलटतपासणी

मोटारीच्या किंवा स्कूटरच्या यंत्रांत ‘कार्ब्युरेटर’ नांवाचें एक लहानसें उपकरण असतें. अधिक बरोबर सांगावयाचें तर, परवांपरवांपर्यंत असे. त्याला मराठींत ‘वायुमिश्रक’ म्हणावें असा आग्रह आमच्या कांहीं शुद्धिवादी मित्रांनीं पुन्हां एकदां धरला आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, हा शब्द सुटसुटीत आहे. तो संस्कृत धातूंपासून सिद्ध झालेला आहे. मूळ शब्दाचा अर्थ तो तंतोतंत सांगतो. आणि इतके गुण अंगीं असूनहि तो रूढ झाला नाहीं याचें कारण मराठी माणसाचा आळस व परभाषेपुढें लोटांगण घालण्याची त्याची जुनी खोड हेंच होय. या चार विधानांपैकीं पहिलीं दोन खरीं आहेत. तिसरें साफ चुकीचें आहे. आणि चौथें विधान तिसऱ्याच्या खांद्यावर बसलेलें असल्यामुळें त्यालाहि खालीं यावें लागतें. मराठी माणसानें हा शब्द नाकारला तो आळसानें नव्हे, शहाणपणानें नाकारला, हें मला या लेखांत दाखवावयाचें आहे.

या वादांत मी तटस्थ नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आमचे मित्र ज्या छोट्या पाठ्यपुस्तकाचा हवाला देतात, त्याच्या परिभाषेसाठीं चार माणसांचें एक मंडळ बसलें होतें. त्या मंडळांत मी होतों. आणि ‘वायुमिश्रक’ हा शब्द सुचविणाराहि मीच होतों. त्या वेळीं माझ्यापुढें काय होतें? एक इंग्रजी कोश, एक संस्कृत कोश आणि चहाचा पेला. कार्ब्युरेटर मात्र नव्हता. इंग्रजी कोशांत ‘हवा व इंधन यांचें मिश्रण करणारें उपकरण’ अशा आशयाचा अर्थ दिलेला होता. त्यांतून इंधन गळालें, हवेचा वायु झाला, मिश्रण करणाऱ्याचा मिश्रक झाला, आणि पांच मिनिटांत मराठी भाषा एका शब्दानें श्रीमंत झाली. आम्ही सर्वांनीं माना डोलावल्या. कोशांतला अर्थ म्हणजे व्युत्पत्ति नव्हे, आणि व्युत्पत्ति म्हणजे वस्तूचें स्वरूप नव्हे, हा भेद मी वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों. त्या दिवशीं तो माझ्याच ध्यानीं राहिला नाहीं.

प्रथम मूळ शब्दाकडे वळूं. ‘कार्ब्युरेटर’ या शब्दांत हवा नाहीं, आणि मिश्रणहि नाहीं. कित्येक विद्यार्थी समजतात त्याप्रमाणें त्यांत ‘कार’ म्हणजे मोटार नाहीं, किंवा प्रयोगशाळेंतील ‘ब्युरेट’ ही कांचेची नळीहि नाहीं. त्या नळीचें नांव फ्रेंच भाषेंतील सुरईवाचक शब्दापासून आलेलें असून तिचें कुळच निराळें आहे. कार्ब्युरेटरांत आहे तो कोळसा. लॅटिन भाषेंत ‘कार्बो’ म्हणजे कोळसा. १७८७ सालीं गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्र्वा या चौघां फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं आपल्या शास्त्राची नवी परिभाषा प्रसिद्ध केली. तींत कोळशांतील मूलद्रव्यास ‘कार्बोन’ हें नांव मिळालें, आणि त्या मूलद्रव्याच्या संयुगांना ‘कार्ब्यूर’ अशी संज्ञा आली. इंग्रजांनीं फ्रेंच प्रत्ययाच्या जागीं नव्या लॅटिनांतील प्रत्यय बसवून ‘कार्ब्युरेट’ केलें. गंधकाच्या संयुगांनाहि याच धर्तीवर नांवें मिळालीं. कुजक्या अंड्यांसारखा वास येणाऱ्या वायूचें ‘सल्फ्युरेटेड हायड्रोजन’ हें नांव जुन्या पुस्तकांत ज्यांनीं वाचलें असेल, त्यांना हा प्रत्यय ओळखीचा वाटेल. दलदलींतून निघणाऱ्या ज्वालाग्राही वायूला त्याच न्यायानें ‘कार्ब्युरेटेड हायड्रोजन’ म्हणत असत. तात्पर्य, ‘कार्ब्युरेट करणें’ म्हणजे कार्बनानें युक्त करणें. याहून अधिक कांहीं नाहीं.

हें क्रियापद मोटारींत कसें शिरलें, हा भाग अधिक मनोरंजक आहे. १८०७ सालीं लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, आणि पुढें शतकभर युरोपांतील शहरें कोळशापासून काढलेल्या वायूनें उजळत राहिलीं. ज्योत पिवळी व तेजस्वी दिसते, ती तिच्यांतील कार्बनाचे सूक्ष्म कण तापून प्रकाशमान झाल्यामुळें. ज्या वायूंत असे कण निपजत नाहींत त्याची ज्योत निळसर व मंद असते. तेव्हां अशा मंद वायूला, किंवा प्रसंगीं नुसत्या हवेलाहि, खनिज तेलाच्या वाफेनें भारून तिच्यांत तेज आणण्याची युक्ति निघाली. ती क्रिया करणारें उपकरण तें कार्ब्युरेटर. म्हणजे हा शब्द मूळचा दिव्याच्या घरचा; मोटारीच्या घरीं तो मागाहून नांदावयास आला. कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें, तिच्यांत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन ती वाफेनें भारण्याची योजना होती. क्रिया जवळजवळ तीच, म्हणून इंग्रजींत नांवहि तेंच राहिलें. १८९३ च्या सुमारास जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें आणि हंगेरींत दोनात बांकी व यानोश चोंका या जोडीनें इंधनाचा फवारा उडविणारी निराळी रचना केली. क्रिया पार बदलली, पण इंग्रजी नांव बदललें नाहीं. उजेडासाठीं घडविलेलें नांव यंत्राच्या काळोख्या पोटांत कायमचें जाऊन बसलें.

आतां ‘तंतोतंत अर्थ’ हा आमच्या मित्रांचा दावा खरा करून दाखवावयाचा असेल तर काय करावें लागेल? कार्बो म्हणजे कोळसा. संस्कृतांत त्याला अंगार म्हणतात. अंगारानें युक्त करणारा तो ‘अंगारक’. शब्द व्याकरणदृष्ट्या खपण्यासारखा आहे, उच्चाराला सोपा आहे, आणि मुळाशीं प्रामाणिकहि आहे. अडचण एवढीच कीं, अंगारक म्हणजे मंगळ! आमचा अंगारक बिघडला आहे असें एखाद्यानें घरीं सांगितलें, तर वडील मंडळी गाडी दुरुस्तीस पाठविण्याऐवजीं पत्रिका उघडून बसतील. आणि दुरुस्तीचा दिवस चतुर्थीचा निघाला तर स्वयंपाकघरांत मोदकांची तयारी सुरू होईल. डॉ. रघुवीर यांनीं कार्बनाला ‘प्रांगार’ म्हटलें. त्या मार्गानें गेल्यास ‘प्रांगारक’ मिळेल. मंगळ टळेल, पण शब्दाचा अर्थ कोणालाच कळणार नाहीं. सारांश, जो शब्द मुळाशीं प्रामाणिक आहे तो वापरतां येत नाहीं, आणि जो वापरा म्हणून आग्रह चालला आहे तो मुळाशीं प्रामाणिक नाहीं.

यावर आमचे मित्र पवित्रा बदलतील. ‘व्युत्पत्ति राहूं द्या, निदान उपकरणाचें काम तरी आमचा शब्द सांगतो कीं नाहीं?’ असें ते विचारतील. माझें उत्तर आहे, नाहीं. काम काय चालतें तें पाहा. यंत्रांतील दट्ट्या खालीं जातो, त्याच्या ओढीनें बाहेरची हवा एका नळींतून आंत धांवते. या नळीचा गळा मध्यें मुद्दाम अरुंद केलेला असतो. अरुंद जागीं प्रवाहाचा वेग वाढतो व दाब उतरतो. वेग आणि दाब यांचा हा संबंध बर्नूलीनें १७३८ सालींच मांडला होता, आणि व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञानें १७९७ सालीं अरुंद गळ्याच्या नळीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. या उतरलेल्या दाबामुळें बाजूच्या वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांतून वर ओढलें जाऊन त्याचा तुषार होतो. वाटींत तरंगणारा एक पोकळ गोळा पेट्रोलची पातळी स्थिर राखतो. छिद्राचें माप ठरलेलें असतें. हा सगळा खटाटोप कशासाठीं? केवळ मिसळण्यासाठीं नव्हे; मोजून मिसळण्यासाठीं. एक किलो पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचा हिशेब केला तर सुमारें नऊ हजार लिटर हवा होते. म्हणजे दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद व सव्वादोन मीटर उंच अशी खोलीभर हवा. हें प्रमाण फार चुकलें कीं यंत्र एकतर धूर ओकतें किंवा बंद पडतें. कार्ब्युरेटरचा प्राण या प्रमाणांत आहे, या तुषारांत आहे. आणि ‘वायुमिश्रक’ या शब्दांत प्रमाणहि नाहीं, तुषारहि नाहीं, एवढेंच नव्हे तर पेट्रोलचाहि पत्ता नाहीं.

आपल्या नैयायिकांनीं लक्षणाची व्याख्या ‘असाधारण धर्म’ अशी केली आहे. शिंगें असणें हें गाईचें लक्षण होऊं शकत नाहीं, कारण तीं म्हशीलाहि असतात. हा अतिव्याप्तीचा दोष. हवा मिसळणें हा कार्ब्युरेटरचा असाधारण धर्म आहे काय? आपल्या स्वयंपाकघरांतील गॅसच्या शेगडीची नळी बाजूच्या छिद्रांतून हवा ओढून ती गॅसमध्यें मिसळते. रसायनशाळेंतील बुन्सेनचा दिवा १८५५ पासून दुसरें काय करतो आहे? तेव्हां वायुमिश्रक हें नांव शेगडीला जितकें शोभेल तितकें कार्ब्युरेटरला शोभणार नाहीं. मीं गाईचें नांव ‘शिंगवाली’ ठेवलें, आणि ती म्हशींच्या कळपांत हरवली म्हणून आतां गुराख्याला दोष द्यावयाचा!

हा नुसता तर्कदोष असता तर मी मासिकाचीं पानें अडविलीं नसतीं. परंतु शब्दाची किंमत कोणीतरी मोजीतच असतो. कांहीं वर्षांपूर्वीं माझी जुनी स्कूटर दुरुस्तीस टाकली असतां, गॅरेजचे मिस्त्री आपल्या हाताखालच्या उमेदवार मुलाकडे बोट दाखवून म्हणाले, “सर, तुम्ही शिकवणारी माणसं. हा पोरगा डोळे मिटून कार्ब्युरेटर खोलतो, साफ करतो आणि बसवतो. अन् परीक्षेत त्याच्यावरच मार खाऊन आलाय.” मुलगा खालीं मान घालून उभा होता. मीं प्रश्न काय होता म्हणून विचारलें. प्रश्न होता, ‘वायुमिश्रकाचें कार्य स्पष्ट करा.’ मुलानें दोन पानें भरून उत्तर लिहिलें होतें, आणि तें सगळें हवा गाळणाऱ्या डब्याविषयीं होतें. “वायु म्हणजे हवाच ना सर?” तो म्हणाला. “मग हवेचा डबा तोच असणार, असं वाटलं.” “आणि मिश्रक?” मीं विचारलें. “बाहेरची हवा अन् आतली हवा मिसळत असेल, असं लिहिलं.” मिस्त्री हंसले. मग त्यांनीं मला सहज विचारलें, “हे असलं नाव कोण ठेवतं हो, सर?” मीं तें त्यांना सांगितलें नाहीं. आज येथें सांगतों आहें.

त्या मुलाचें उत्तर नीट पाहा. त्यानें शब्दाचा अर्थ चुकीचा लावला नाहीं; त्यानें तो फार बरोबर लावला. समोर ठेवलेल्या शब्दांत वायु होता व मिश्रण होतें, आणि त्या दोहोंतून जें निघतें तें त्यानें लिहिलें. ज्याच्या बोटांना त्या उपकरणाचें प्रत्येक छिद्र ठाऊक होतें, त्याला त्याच्याच भाषेनें अडाणी ठरविलें. आणि हें मराठीच्या अभिमानाखातर झालें. परकीय शब्दानें मराठी मुलाचें असें नुकसान केलें असतें तर आम्ही सभा भरविल्या असत्या.

मग शब्द घडवूंच नयेत काय? माझें म्हणणें तसें नाहीं. इतर भाषांनीं हेंच उपकरण समोर ठेवून शब्द घडविले आहेत, आणि ते चालतात. जर्मन लोक त्याला ‘फेरगाझर’ म्हणतात, म्हणजे वायुरूप करणारा. पोलिश भाषेंतील ‘गाझ्निक’ हा शब्दहि गॅसवरूनच निघाला आहे. चिनी भाषेंतील शब्दाचा अर्थ तेलाचें रूपांतर करणारें उपकरण असा होतो. सर्वांत सुंदर शब्द हंगेरियन लोकांचा. ते कार्ब्युरेटरला ‘पोर्लास्तो’ म्हणतात. ‘पोर’ म्हणजे धूळ, आणि धुळीसारखें बारीक करणारा तो पोर्लास्तो. बांकी व चोंका यांना ही कल्पना फुलांवर तोंडानें पाण्याचे तुषार उडविणाऱ्या एका फुलवालीला पाहून सुचली, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. ती खरी असो वा नसो, तो शब्द कोशांतून निघालेला नसून डोळ्यांनीं पाहिलेल्या क्रियेंतून निघालेला आहे, एवढें तिच्यावरून कळतें. या भाषांनीं लक्ष कशावर ठेवलें? इंधनावर. इंधनाचें काय होतें तें त्यांनीं सांगितलें. आम्ही मात्र इंधन गाळून हवा ठेवली!

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे. सावरकरांनीं महापौर, दिनांक असे शब्द दिले, ते रुळले. त्यांचीहि आरंभीं थट्टा झाली होती. तशी आज ‘वायुमिश्रका’ची होते आहे, उद्यां तोहि रुळेल, असें सांगण्यांत येतें. सावरकरांच्या त्या शब्दांविषयीं मला आदर आहे, आणि म्हणूनच ही तुलना मला मान्य नाहीं. महापौर हें एक पद आहे. पद कायद्यानें निर्माण होतें, आणि त्याचें नांव लेखणीच्या एका फटकाऱ्यानें बदलतां येतें. दिनांक हा कागदावर लिहावयाचा शब्द आहे. छापील कागद बदलला कीं तो बदलतो. शिवाय दोन्ही शब्दांत अर्थ उघड आहे व चुकीचा नाहीं. कार्ब्युरेटर हातांतून हातांत जातो. तो उस्तादाकडून उमेदवाराकडे, दुकानदाराकडून गिऱ्हाइकाकडे आपलें नांव घेऊन जातो. आणि ज्या हातांनीं तो झिजतो त्या हातांचा त्याच्या नांवावर पहिला हक्क असतो. जें हुकुमानें येतें त्याचें नांव हुकुमानें बदलेल. जें वहिवाटीनें आलें त्याचें नांव वहिवाटच बदलूं शकते.

आणि वहिवाटीची ही सत्ता आपल्या शास्त्रकारांना चांगली ठाऊक होती. रूढि ही योगाहून बलवत्तर, असें ते मानीत. ‘कुशल’ म्हणजे मुळांत दर्भ कापून आणणारा. आज कुशल शस्त्रवैद्याकडे कोणी दर्भ मागत नाहीं. ‘मंडप’ म्हणजे मुळांत पेज पिणारा. तरी लग्नाच्या मंडपाला कोणी पेज पाजल्याचें ऐकिवांत नाहीं. कार्ब्युरेटर या शब्दांत कोळसा आहे हें इंग्रज मिस्त्रीलाहि ठाऊक नसतें, आणि त्यावांचून त्याचें अडत नाहीं. इंग्रजांना तर त्या शब्दाचें लेखनहि अजून एकमतानें ठरवितां आलेलें नाहीं. अमेरिकेंत एक ‘टी’, इंग्लंडांत दोन! आपल्या घरांतील चावी, पगार आणि घमेलें हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले. आज ते परके आहेत असें सांगितलें तर आजीबाई हंसतील. फार काय, शुद्ध मराठी म्हणून ज्या ‘हवे’चा आपण उच्चार करतों ती स्वतः अरबींतून फारसीच्या वाटेनें आलेली आहे; श्वास घ्यावयाला आपण तिचें शुद्धीकरण होईपर्यंत थांबलों नाहीं. माधव जूलियन यांनीं १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश दिला आणि १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. परके शब्द मोजण्यांत ज्याचे डोळे शिणले आहेत त्यानेंच शुद्धीविषयीं बोलावें, हा धडा मला त्यांच्या या क्रमांत दिसतो. आम्ही कांहीं न मोजतां शुद्धि करावयास बसलों.

पण माझी ही कबुली ऐकून ज्यांना आनंद होईल, त्या दुसऱ्या पक्षालाहि दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘मराठींत शास्त्र येणारच नाहीं, सगळें इंग्रजींतच राहूं द्या’ असें म्हणणारे विद्वान आमच्या महाविद्यालयांत पुष्कळ आहेत, आणि एका वायुमिश्रकाच्या फजितीवरून ते साऱ्या परिभाषेची तेरवी करूं पाहतात. त्यांनीं ‘अंतर्ज्वलन’ हा शब्द पाहावा. ज्या यंत्राच्या पोटांतच ज्वलन होतें तें अंतर्ज्वलन-यंत्र. शब्द नवा, पण ऐकतांच वस्तूचा उलगडा होतो. त्यांनीं ‘कर्ब’ हा शब्द पाहावा. कार्बनाचें शेपूट छाटून कोणीतरी त्याला मराठी अंगरखा चढविला. आज शाळेंतील मुलगी कर्बोदकें म्हणते, आणि शेतकरी आपल्या रानांतील सेंद्रिय कर्ब किती उरला याची चिंता करतो. हा शब्द धड परकीयहि नाहीं आणि धड संस्कृतहि नाहीं. तो मराठी आहे. याच उपकरणाच्या संबंधांत बोलावयाचें तर, पेट्रोल अधिक असलेल्या मिश्रणाला इंग्रजींत श्रीमंत म्हणतात व कमी असलेल्याला कृश म्हणतात. आमच्या पुस्तकांत त्यांचें ‘समृद्ध’ व ‘कृश’ असें भाषांतर झालें. आमटी करणाऱ्या कोणत्याहि बाईला विचारलें असतें, तर तिनें ‘दाट’ आणि ‘पातळ’ हे शब्द विनामूल्य दिले असते. कीटकनाशक उडविणाऱ्या शेतकऱ्याला विचारलें असतें तर त्यानें ‘फवारा’ दिला असता. शब्द दारांत उभे होते. आम्ही कोश उघडून दार लावून बसलों होतों.

कोणी म्हणेल, ज्या उपकरणाचाच अंत झाला त्याच्या नांवासाठीं आतां हा वाद कशाला? हें खरें कीं, १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या प्रदूषणाच्या नियमांमुळें नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला, आणि त्याच्या जागीं विजेच्या हुकुमानें इंधन फवारणारी यंत्रणा आली. परंतु म्हणूनच हा वाद आज व्हावयास पाहिजे. २०२१ पासून अभियांत्रिकीचें पदवीशिक्षण मराठीसह कांहीं भारतीय भाषांतून देण्याची मुभा मिळाली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. या दोन गोष्टींच्या उत्साहांत नवीं मंडळें बसतील, नवे कोश निघतील, आणि पुन्हां चार सुशिक्षित माणसें चहाचा पेला पुढें घेऊन, कधीं न पाहिलेल्या वस्तूंचीं बारशीं करतील. कार्ब्युरेटर गेला, पण त्याच्यामागून येणाऱ्या शेंकडों वस्तु नांवाची वाट पाहात आहेत. त्यांच्यापैकीं प्रत्येकीच्या मागें एक उमेदवार मुलगा उभा आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. परिभाषामंडळाची पहिली बैठक कार्यशाळेंत भरावी. नांव देण्यापूर्वीं वस्तु हातांत घ्यावी, ती चालतांना पाहावी, आणि जे तिच्याशीं रोज झगडतात ते तिला काय म्हणतात हें विचारावें. त्यांच्या तोंडीं शब्द रुळलेला असेल तर तो देशी आहे कीं परदेशी याची चौकशी न करतां घ्यावा व मराठी विभक्ति लावून वापरावा. शब्द नसेल, तरच घडवावा, आणि घडविलेला शब्द छापण्यापूर्वीं एखाद्या उमेदवारापुढें ठेवून, “याचा अर्थ तुला काय वाटतो?” असें विचारावें. त्यानें भलत्याच वस्तूकडे बोट दाखविलें तर तो नापास झाला असें समजूं नये. शब्द नापास झाला असें समजावें.

त्या पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ति निघत असल्याचें मला कळलें, तेव्हां ‘वायुमिश्रक’ हा माझा शब्द काढून तेथें ‘कार्ब्युरेटर’ घालावा, असें पत्र मीं प्रकाशकांना लिहिलें. शब्द शुद्ध व सोपा असल्यामुळें तो ठेवण्याचें ठरलें आहे, असें त्यांचें उत्तर आलें. आमच्या मित्रांना तें उत्तर आपला विजय वाटतो. त्यांनीं एकदां त्या गॅरेजांत जाऊन, समोरच्या स्कूटरचा वायुमिश्रक कोणता तें मिस्त्रींना विचारावें. स्कूटर अजून तेथें आहे. मिस्त्रींच्या प्रश्नाचें उत्तरहि अजून द्यावयाचें राहिलें आहे, आणि तें देण्यासाठीं मीहि बरोबर येईन.